सात दिवसांत कोणीच चुकलं नाही

हिवाळी अधिवेशन आटोपलं की नागपूरच्या कार्यालयांत जानेवारीत गठ्ठे उघडतात. डिसेंबरभर अर्धा स्टाफ अधिवेशनाच्या ड्युटीवर, आवक नोंदवही भरत राहते, नस्ती म्हणजे फाईल हलत नाही. आमच्या शाखेत त्या सोमवारी वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांना उपचारखर्च परत देण्याच्या, 41 नस्त्या निघाल्या.

साहेबांनी नोटिसा काढल्या नाहीत. तिन्ही टेबलांचे लिपिक, लेखा, अधीक्षक मॅडम आणि नस्त्या नेणारे शिपाईदादा, सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. एका वाहनचालकाची नस्ती उघडून आवक शिक्क्यापासून शेवटच्या टिपणीपर्यंत प्रत्येक तारीख फळ्यावर मांडली.

74 दिवस. त्यात नस्ती तीनदा परत गेलेली. आधी डिस्चार्ज कार्डाची साक्षांकित प्रत नाही, मग पावत्यांवर डॉक्टरांचा सही-शिक्का नाही, शेवटी बेरीज जुळत नाही. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी दिसण्यासारख्या होत्या! पण जो तो आपल्यापुरतं तपासतो.

विलंबाला आळा घालणारा 2005 चा कायदा सांगतो, नस्ती सर्वसाधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त राहू नये. आमच्याकडे ती कोणाकडेच त्याहून जास्त राहिली नव्हती. पाच दिवस इथे, सहा तिथे, त्रुटीपत्र गेलं की थेट प्रतीक्षाधीन, म्हणजे उत्तराची वाट पाहणाऱ्या कागदांच्या, गठ्ठ्यात. जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखीनांनी नगरला बसवलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत कागद सापडावा म्हणून होती. आपण त्यातला एक गठ्ठा लपायची जागा करून टाकला.

शिपाईदादा म्हणाले, "साहेब, फाईल थांबत नाही जी, फिरून फिरून तिथंच येते."

तोडगा सर्वांत कनिष्ठ लिपिक मुलीने काढला. नस्तीच्या आत एकच तपासणी सूची चिकटवायची. सोमवारी आणि गुरुवारी अकरा वाजता लेखा आणि पहिलं टेबल शेजारी बसून ती भरतील, अर्जदाराला सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवतील. हे तिला वर्षभरापासून माहीत होतं, कोणी विचारलंच नव्हतं.

मॅडमचा प्रश्न रास्त होता: "सगळ्यांनी ठरवलं, तर चुकल्यावर सही कोणाची?" वाट सगळ्यांनी ठरवायची, सही ज्याची त्याची, असं साहेब म्हणाले. पण ते बोलण्यातच राहिलं. साहेब पंधरा दिवस प्रशिक्षणाला गेले आणि एका नस्तीवर दुसरं त्रुटीपत्र निघालं. जाब कशाच्या आधारावर विचारायचा? कार्यालयीन आदेशच नव्हता.

आता त्या मुलीने आदेशाचा मसुदा केला आहे. टिपणीवर सूचनेचा उगम म्हणून तिचं पदनाम घातलं आहे. नस्ती साहेबांच्या टेबलावर आहे, आज चौथा दिवस.