तिला कळत होतं का?

माझी कुत्री राणी गेल्यापासून लोक भेटायला येतात, चार शब्द बोलतात आणि निघता निघता हमखास विचारतात, "बॉम्ब शोधताना आपल्या जिवाला धोका आहे, हे तिला कळत होतं का हो?" पोलिसांच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकात मी तिचा हॅण्डलर, म्हणजे तिला सांभाळून काम करून घेणारा होतो, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही, कळत नव्हतं.

हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. पण बॉम्ब म्हणजे काय, हे तिला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवला होता तो वास. स्फोटकाचा नमुना कुठेतरी दडवायचा, कुत्र्याने हुंगून काढला की लगेच चेंडू द्यायचा आणि तोंडभरून कौतुक करायचं. हे इतक्या वेळा होतं की तो वास आला म्हणजे चेंडू मिळणार, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. सापडल्यावर भुंकायचं नाही, उकरायचं नाही, मुकाट खाली बसायचं. वस्तूला धक्का लागला तर काय होईल, हे ठाऊक असतं ते आपल्याला. राणी बसली की मान वळवून माझ्याकडे बघायची. समोर बेवारस बॅग, गर्दी लांब हटवलेली, माझे तळहात घामाने ओले, आणि हिची शेपटी फरशीवर थप थप थप. चेंडू कधी देतोस, एवढंच तिचं म्हणणं.

तिला कळायचो तो मी. माझ्या हातातला पट्टा जरा आवळला गेला की तिची चाल बदलायची, म्हणून आत शिरण्याआधी मी दोन खोल श्वास घ्यायचो.

बहुतेक दिवस काहीच सापडत नाही. बंदोबस्ताच्या आधी सभागृह तपासा, खुर्च्यांच्या रांगा तपासा, गाड्या तपासा. उन्हात कुत्रा धापा टाकू लागला की हुंगणं मंदावतं, म्हणून मध्ये सावलीत बसवायचं, पाणी पाजायचं. आणि सतत रिकाम्या हाती परतलं की त्याचं मन कामातून उडतं. मग आम्हीच एखादा नमुना लपवून तिला तो शोधू द्यायचो. तिच्या दृष्टीने तो दिवस सार्थकी लागायचा. आमच्या दृष्टीने काही न सापडणं हेच चांगलं.

मुंबईचा झंजीर तुम्हाला आठवत असेल. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांनंतर या लॅब्रॅडॉरने शहराला आणखी घातपातांपासून वाचवलं. ३,३२९ किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला पूर्ण इतमामाने निरोप दिला. काही जण म्हणतात, त्याला काही कळतच नव्हतं, तर मानवंदना कशाला? मला हे अजिबात पटत नाही. जवान भरती होतो तेव्हा स्वतः सही करतो, घरच्यांशी बोलतो. राणीला कोणी विचारलं नव्हतं. मी "चल" म्हटलं की ती निघायची. तिच्या वाटचा धोका मी ठरवत होतो. ज्याला विचारलं नाही, त्याचं देणं जास्त असतं.

आणि ते देणं हारफुलांनी फिटत नाही. नोकरी संपल्यावर त्या जनावराचा खुराक, औषधपाणी, दुखरे सांधे कोण बघणार, हा खरा प्रश्न. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात राबलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे पोलिसांचे चार कुत्रे निवृत्तीनंतर विरारला एका फार्मवर राहिले. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. त्यांना म्हातारपणी जागा मिळाली, माया मिळाली. प्रत्येकाला ती मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

राणी माझ्याच घरी होती. काम सुटलं तरी तिला शोधायला हवंच असायचं, म्हणून मी घरातच कपाटामागे, उशीखाली चेंडू लपवायचो. पुढे पुढे कंबर दुखायला लागली, खाली बसणं जमेना. वासाशी येऊन ती अर्धी वाकायची, कळ आली की परत उभी राहायची आणि माझ्याकडे बघायची. मग मी नियम बदलला: नुसतं उभं राहून बघितलं तरी चेंडू मिळणार. तो नियमही ती लगेच शिकली.