नऊ सामने, आठ गोल

मँचेस्टर युनायटेडने 28 ऑक्टोबर 2024 ला मॅनेजर टेन हागना नारळ दिला. जुलैत कराराची मुदत 2026 पर्यंत वाढवली आणि ऑक्टोबर संपायच्या आत ही वेळ!

आदल्याच दिवशी आम्ही वेस्ट हॅमकडून 2-1 हरलो होतो. त्यांना मिळालेली पेनल्टी वादग्रस्त होती, मान्य. व्हीएआरने (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी) तिथे नाक खुपसायला नको होतं. पण पहिल्या हाफमध्येच हा सामना संपायला हवा होता. आमच्या दालोसमोर रिकामा गोल, तरी चेंडू वर! प्रीमियर लीगच्या नऊ सामन्यांत 11 गुण, 14 वा नंबर, आणि गोल फक्त आठ. त्यातले तीन एकट्या साउथॅम्प्टनविरुद्धचे.

पण गोल न होणं ही अर्धीच गोष्ट. पुढचे चौघे प्रेस करायला, म्हणजे समोरच्यांवर चाल करून चेंडू हिसकवायला धावायचे, मागचे बचावपटू मात्र वर सरकत नव्हते. मधे मैदानभर मोकळी जागा, आणि ती भरायची कुणी? बत्तीस वर्षांच्या मिडफिल्डर कासेमिरोने? लिव्हरपूलविरुद्ध त्याच्या पायातून दोनदा चेंडू गेला, दोन्ही वेळा त्यांच्या डियाझने गोल केला. तेव्हा सगळे त्याच्यावर तुटून पडले. पण पास द्यायला त्याच्या जवळ होतं कोण? टॉटनहॅमविरुद्ध तर तिसऱ्याच मिनिटाला त्यांचा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) व्हॅन डे व्हेन स्वतःच्या हाफमधून चेंडू घेऊन आमच्या बॉक्सपर्यंत धावत आला. कुणी साधा आडवाही गेला नाही.

त्याच बुधवारी लीग कपमध्ये लेस्टरशी सामना होता. तेव्हा तात्पुरती सूत्रं सहाय्यक प्रशिक्षक व्हॅन निस्टलरॉयकडे होती. त्यांनी निदान मिडफिल्डर उगार्तेला कासेमिरोच्या बाजूला उभं करावं, एवढीच अपेक्षा होती.