ली ना आणि तिचा स्वतःचा हिशेब

आज चिनी टेनिसपटू ली ना आणि बेलारूसची अझारेन्का यांच्यातला २०१३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा अंतिम सामना पुन्हा पाहिला. ली नाचा घोटा दुसऱ्या सेटमध्ये मुरगळला होताच. तिसऱ्या सेटमध्ये आतषबाजीसाठी थांबलेला खेळ सुरू होताच पहिल्याच गुणाला ती पुन्हा घसरली आणि तिचे डोके मागच्या बाजूने कोर्टवर आपटले. डोळ्यांपुढे बोट फिरवून तिची तपासणी चालू असताना ती चक्क हसत होती. सामना ती हरली.

वुहानच्या या मुलीने टेनिस स्वतः निवडलेले नव्हते. वडील बॅडमिंटनपटू असल्यामुळे आधी तिच्या हाती त्याच खेळाची रॅकेट आली आणि पुढे प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून ती टेनिसकडे वळली. वडील गेले तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. टेनिस तिची स्वतःची निवड नव्हती, म्हणूनच २००२ मध्ये राष्ट्रीय संघ सोडून तिने पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, ही गोष्ट मला तिच्या कुठल्याही विजयापेक्षा मोठी वाटते. २००४ मध्ये ती परतली आणि त्याच वर्षी ग्वांगझूला डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) एकेरीचे विजेतेपद मिळवणारी पहिली चिनी खेळाडू ठरली.

खरी कलाटणी मात्र बीजिंग ऑलिंपिकनंतर मिळाली. तोवर बक्षिसाच्या रकमेतला सुमारे ६५ टक्के वाटा सरकारी यंत्रणेकडे जात असे. नव्या व्यवस्थेत तो ८ ते १२ टक्क्यांवर आला, आणि त्या बदल्यात प्रशिक्षकाचा, प्रवासाचा सगळा खर्च व सगळे निर्णय खेळाडूच्या गळ्यात पडले. ही जोखीम तिने पत्करली. २०११ मध्ये फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत तिने गतविजेत्या स्कियाव्होनेला ६-४, ७-६ असे हरवले आणि दुसऱ्या सेटचा टायब्रेक तर ७-० असा एकतर्फी जिंकला. एकेरीचे ग्रँड स्लॅम जिंकणारी ती आशियातली पहिलीच खेळाडू. मेलबर्नचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनचे, विजेतेपद तिला २०१४ मध्ये मिळाले, तेही तिसऱ्या फेरीत साफारोव्हाविरुद्ध मॅच पॉइंट (पराभवापासून एकच गुण दूर असताना) वाचवून. भाषणात तिने एजंटचे आभार मानले, ‘मला श्रीमंत केलेस’ म्हणून! मिळकतीबद्दल असे मोकळेपणाने बोलणे आपल्याकडच्या खेळाडूंनाही सहसा जमत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, गुडघ्यांच्या दुखण्यापुढे हात टेकून, तिने निवृत्ती जाहीर केली. वुहानमधली पहिली डब्ल्यूटीए स्पर्धा तेव्हा अगदी तोंडावर आली होती. घरच्या प्रेक्षकांसमोर तिला त्या स्पर्धेत उतरता आले नाही, याची मला अजूनही चुटपुट लागते.