तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी तोच सिनेमा का?

संकलनाच्या कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी दुपारी मी 'ओशन्स इलेव्हन' लावते आणि चहाच्या वेळी कुणीतरी येऊन विचारतंच. शब्द वेगळे, प्रश्न एकच. मॅडम, सकाळी तुम्ही आम्हाला इतके गंभीर माहितीपट दाखवलेत, कटच्या नैतिकतेवर तासभर बोललात, आणि दुपारी हा कॅसिनो लुटायचा सिनेमा? तोही मोठमोठ्या नटांनी ठासून भरलेला, तोही रिमेक? समीक्षकांनीसुद्धा त्याला 'मजा आली' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं ना?

कप हातात धरून दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही. दरवेळी अर्धवट काहीतरी बोलून मी वर्गात परतते. म्हणून एकदाच नीट लिहिते.

समीक्षकांचं आधी. स्टीव्हन सोडरबर्गचा हा सिनेमा अमेरिकेत 2001च्या डिसेंबरात आला. परीक्षणं वाईट नव्हती. दहांतली आठ तरी अनुकूल होती. साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास खर्च आणि जगभरात मिळून पंचेचाळीस कोटींच्या घरात कमाई, म्हणजे प्रेक्षकांनीही हात आखडता घेतला नाही. ऑस्करचं एकही नामांकन मात्र नाही. माझी तक्रार टीकेबद्दल नाहीच, ती आहे कौतुकाबद्दल. जवळजवळ प्रत्येक कौतुकाच्या शेपटाला एक 'पण' लागलेला होता. देखणा आहे, पण पोकळ. चटपटीत आहे, पण लक्षात राहणार नाही. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टनं चारपैकी तीन तारे दिले. गंभीर पियानोवादक कधीतरी गंमत म्हणून साधं, ठेक्याचं काहीतरी वाजवतात, तसं सोडरबर्गनं केलंय, असं त्यानं लिहिलं. आणि शेवटी म्हटलं की आता सोडरबर्गनं पुन्हा कामाला लागावं.

ईबर्टबद्दल मला आदर आहे. सिनेमाबद्दल साधं आणि मनापासून कसं लिहावं हे मी त्याच्याकडून शिकले. पण ते शेवटचं वाक्य मला आजही बोचतं. आपल्याकडे गवई ख्याल आटोपून ठुमरीला किंवा नाट्यपदाला हात घालतो, तेव्हा 'आता गाण्याला लागा' असं समोरचा श्रोता म्हणत नाही. उलट सावरून बसतो. ख्यालात तासभर केलेल्या मेहनतीचा कस आता सात मिनिटांत लागणार, हे त्याला ठाऊक असतं. 'ओशन्स इलेव्हन' हेसुद्धा कामच होतं, आणि माझ्या मते सोडरबर्गचं सगळ्यात अवघड काम.

असं घडलं त्याचं एक कारण कळण्यासारखं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये 'ट्रॅफिक'साठी त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं होतं, आणि त्याच यादीत 'एरिन ब्रोकोविच'साठी त्याचंच दुसरं नामांकन होतं. 1989मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याच्या पहिल्या सिनेमाला फ्रान्समधल्या कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालेलं. अशा माणसानं जॉर्ज क्लूनी, ब्रॅड पिट, मॅट डेमन, ज्युलिया रॉबर्ट्स, अँडी गार्सिया एका चौकटीत गोळा करून लास व्हेगासमधली तीन कॅसिनो लुटावीत, म्हणजे सुट्टीवर निघालाय असंच लोकांना वाटणार. शिवाय न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. लोकांना दोन तास विसावा हवा होता, हा सिनेमा विसावा म्हणून त्यांच्या हाती आला, आणि त्याच्यावर शिक्काही तोच बसला.

मूळ सिनेमाकडे एकदा बघा, म्हणजे हा विसावा किती कष्टाचा होता ते कळतं. 1960चा तो सिनेमा लुइस माइलस्टोनचा. फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनियर आणि मंडळी रात्री लास व्हेगासच्या सँड्स हॉटेलात कार्यक्रम करायची आणि दिवसा चित्रीकरण. दुसऱ्या महायुद्धातल्या पलटणीचे जुने सोबती नववर्षाच्या रात्री पाच कॅसिनो लुटतात, अशी गोष्ट. कल्पना झकास, शेवट तर फारच झकास: पैसे शवपेटीत दडवलेले आणि शवपेटीचं दहन होऊन जातं. पण मधला तासभर ही मंडळी एकमेकांना हसवत बसतात. त्यांची मैफल रंगलेली आणि आपण दाराबाहेर उभे. सिनात्राला एकाच टेकमध्ये काम उरकायची घाई असायची, आणि ती दिसते. त्यांची सहजता आळसातून आलेली आहे.

2001चे नटही तितकेच मोठे, तितकेच देखणे, आणि मजा करत असणारच. पण इथली सहजता संकलनाच्या टेबलावर बसून, एकेक चौकट मोजून तयार केलेली आहे. हे मी ठामपणे म्हणू शकते, कारण गेली वीसेक वर्षं माझं पोट त्याच टेबलावर आहे.

एक प्रसंग मी वर्गात चार-चार वेळा लावते. डॅनी (क्लूनी) आणि रस्टी (पिट) रात्री उशिरा बारमध्ये बसलेत. लुटीसाठी दहा माणसं जमलीत. डॅनी म्हणतो, दहा पुरेत, नाही का? रस्टी गप्प. तुला आणखी एक हवासा वाटतोय? रस्टी गप्प. तुला आणखी एक हवाय. रस्टी गप्पच. ठीक आहे, आणखी एक घेऊ.

बस, एवढंच. रस्टी तोंडातून शब्द काढत नाही, मान हलवत नाही, आणि तरी त्या संभाषणात त्याचाच शब्द चालतो. संकलनाच्या दृष्टीनं इथे भयंकर मोह असतो. रस्टीच्या चेहऱ्यावर कट मारावा, त्याची भुवई दाखवावी, प्रेक्षकाला 'बघा, याला पटलेलं नाही' असं सांगून टाकावं. सिनेमाचा संकलक स्टीफन मिरिओननं तो मोह टाळला. या दोन माणसांनी आयुष्यभर एकत्र काय काय केलंय हे सिनेमा कुठेच सांगत नाही, फ्लॅशबॅक नाही, आठवणी नाहीत. ते सगळं या गप्प बसण्यात आहे. माझे आजोबा आणि त्यांचे शेजारी ओट्यावर असेच बसायचे. एक बोलायचा, दुसरा सुपारी कातरायचा, आणि ठरायचं ते दुसऱ्याचं. हे पोकळ असेल तर भरीव कशाला म्हणायचं?

सिनेमाची सुरुवातही आठवा. तुरुंगात पॅरोलची सुनावणी चालली आहे. खुर्चीवर क्लूनी, आणि प्रश्न विचारणारे नुसते आवाज. ते चेहरे आपल्याला दाखवलेच जात नाहीत. समोरच्या बाजूचा कटच नाही. हा माणूस ऐकणाऱ्याला कसा जोखतो ते आपण फक्त त्याच्या डोळ्यांत बघायचं. नव्या मुलांना मी हे दाखवते तेव्हा पहिल्या खेपेला निम्म्यांना वाटतं की आपण सुनावणी घेणारी माणसं पाहिली.

आणि मग ती लूट. ज्यांनी सिनेमा बघितलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, कारण गुपित सांगितल्याशिवाय मला मुद्दा मांडता येणार नाही. बेलाजिओ, मिराज आणि एमजीएम ग्रँड या तिन्ही कॅसिनोंचे पैसे बेलाजिओखालच्या एकाच तिजोरीत. मुष्टियुद्धाची रात्र, सोळा कोटी डॉलर. मालक टेरी बेनेडिक्ट पडद्यावर थेट बघतो आहे की बुरखाधारी माणसं तिजोरी रिकामी करताहेत. पण ते थेट नसतंच. डॅनीच्या टोळीनं तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती उभारली, तिथे लुटीचं चित्रीकरण केलं आणि तेच बेनेडिक्टला दाखवलं. बेनेडिक्टला हे कशावरून कळतं? खऱ्या तिजोरीच्या जमिनीवर बेलाजिओचं नाव आहे, ते नुकतंच, त्याच आठवड्यात बसवलेलं. चित्रफितीतल्या जमिनीवर ते नाही.

म्हणजे कंटिन्युइटीची चूक! माझ्या धंद्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यात नकोशी चूक. नायिकेच्या हातात आधीच्या शॉटला चार बांगड्या आणि पुढच्या शॉटला तीन, त्या जातीची. अख्खी लूट म्हणजे सेट बांधणं, नट उभे करणं, शूट करणं आणि योग्य क्षणी योग्य फीत लावणं. चोरांनी सिनेमा काढला. बेनेडिक्टनं तो खरा मानला, आणि त्याच्या खांद्यावरून बघणाऱ्या आपणही खरा मानला, कारण आपल्यालाही सोडरबर्गनं त्याच क्रमानं दाखवला. शैली आणि आशय वेगळे काढून मोजणाऱ्या समीक्षकांना मला इथे थांबवावंसं वाटतं. या सिनेमात शैलीनंच तर दरोडा घातला आहे.

त्यात भोक आहे, हे मुलं लगेच दाखवतात. बेनेडिक्टच्या माणसांनी पाठलाग केलेल्या गाडीतल्या थैल्यांत नोटांऐवजी जाहिरातीची पत्रकं निघतात. ती पत्रकं तिथवर पोचली कशी? समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. टेसच्या, म्हणजे डॅनीच्या आधीच्या बायकोच्या, भूमिकेत ज्युलिया रॉबर्ट्सला करायला फार थोडं आहे, ही तेव्हाची टीकाही मला मान्य आहे. दोन पुरुष तिच्यावरून झुंजतात, आणि तिनं जिने उतरावेत, रागावावं, निवडावं, एवढंच. डॉन चीडलचा लंडनी उच्चार इंग्रजांना सहन झाला नाही, तेही समजू शकते. हे दोष खरे आहेत. 'हलका' हा मात्र दोष नाही.

मला हे इतकं का लागतं, त्यामागे एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी मी येवल्यातल्या एका पैठणी विणणाऱ्या बाईंवरची बावीस मिनिटांची फिल्म संकलित केली. नऊ तासांचं चित्रण होतं, सहा आठवडे गेले. मागाचा आवाज, बाईंचं बोलणं आणि त्यांच्या नातवाचं मध्येच येऊन पाणी मागणं एका लयीत बसवायला मी रात्री जागले. पैठणीचा पदर उलटा करून बघितला तरी नक्षी सुलट बाजूसारखीच दिसते, धाग्याची गाठ कुठे दिसत नाही. तशी ती फिल्म व्हावी असं माझ्या मनात होतं. झालीही. ज्या संस्थेनं ती करवून घेतली तिथल्या अधिकाऱ्यांनी बघितली आणि म्हणाले, "छान आहे. पण यात संकलनाचं असं काय आहे? सगळं आपोआप चाललंय." आणि ठरलेल्या मानधनातून तिसरा हिस्सा कापला. मी भांडले नाही, घरी आले. त्या रात्री 'ओशन्स इलेव्हन'ची सीडी लावून बसले.

तो सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तोही सीडीवरच, पुण्यात, एका मैत्रिणीकडे. दोन सीडींचा संच असायचा, पहिली संपली की उठून बदलायची. पहिली संपली आणि आम्ही दोघी उठलोच नाही. निळा पडदा तसाच राहिला आणि आम्ही बोलत बसलो, ही माणसं आता करणार काय. दुसरी सीडी संपल्यावर पहिली परत घातली.

सोडरबर्ग 'कामाला लागला' तेव्हा पुढच्या वर्षी 'सोलारिस' आला. गंभीर, संथ, पुन्हा क्लूनीच. लोकांनी पाठ फिरवली. मला तो आवडतो. 2004च्या 'ओशन्स ट्वेल्व्ह'ला मात्र समीक्षक बरेच नाराज झाले, आणि तिथे मी त्यांच्या बाजूची आहे. त्यात 1960ची मैफल परत आली: नट रंगलेत, आपण दाराबाहेर. तेच नट, तोच दिग्दर्शक, तोच संगीतकार डेव्हिड होम्सचा ठेका, आणि तरी ते घडत नाही. मी मुलांना दोन्ही सिनेमांतले तुकडे पाठोपाठ दाखवते. सहजता तयार करावी लागते हे त्यांना माझ्या भाषणापेक्षा तिथे लवकर पटतं.

शेवटी लावते तो कारंज्यांचा प्रसंग. लूट पार पडली आहे. बेलाजिओसमोरच्या कठड्याला टेकून टोळी उभी, समोर पाणी उसळतंय, मागे दबुसीचं 'क्लेअर द लून'. कुणी बोलत नाही. कुणी हात मिळवत नाही. कॅमेरा चेहऱ्यांवरून सरकतो, आणि मग एकेक जण निघून जातो. कोट्यवधी मिळालेल्या माणसांच्या चेहऱ्यावर मी इतका एकटेपणा दुसऱ्या कुठल्या चोरीच्या सिनेमात पाहिलेला नाही.

गेल्या वेळी हा प्रसंग लावण्याआधी मी वर्गाला कट मोजायला सांगितलं होतं. दिवे लावले, आकडे विचारले. कुणी सांगितला, कुणी चुकला. मागच्या बाकावरची एक मुलगी गप्प होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "मी कट नाही मोजले मॅडम, माणसं मोजत होते. डॅनी नाहीये ना यात?"

नाहीये. पॅरोल मोडला म्हणून पोलिसांनी त्याला आधीच नेलेलं असतं. कठड्याशी कुणीही मान वळवून त्याची जागा शोधत नाही.

"परत लावा ना," ती म्हणाली. मी दिवे बंद केले.