एकच गाणं, दोन चेहरे

इस्त्री करता करता आज चेट बेकर या अमेरिकन जॅझ गायक-ट्रम्पेटवादकाचं 'माय फनी व्हॅलेंटाइन' लावलं. १९५४चं रेकॉर्डिंग, गडी तेव्हा २४ वर्षांचा. आवाज इतका हळू, की पंखा बंद करावा लागला. गाणं मूळ १९३७च्या एका संगीतिकेतलं. प्रेमगीत म्हणायचं, पण त्यात दिसण्यावरून चक्क चिडवलंय! आणि वर, आहेस तशीच राहा, केसभरही बदलू नकोस, अशी विनवणी.

मग मोबाइलवर विल्यम क्लॅक्स्टनने काढलेले त्याचे त्या काळातले फोटो काढून बसले. कोरीव गाल, कपाळावर आलेले केस, हातात ट्रम्पेट. शेजारीच ऐंशीच्या दशकातला फोटो. गाल आत गेलेले, चेहरा सुरकुत्यांनी चिरलेला. हेरॉइनने पोखरलं, त्यात १९६६मध्ये मारहाणीत तोंडाला इजा झाली, पुढे दात काढावे लागले. ट्रम्पेटवाल्याचे दात जाणं म्हणजे काय, विचार करा. तरी कवळी लावून पुन्हा फुंकायला शिकला. १९८८मध्ये ॲमस्टरडॅमला वारला, तोवर हे गाणं गातच होता. मला तर उतारवयातलाच आवाज जास्त आवडतो, कुणी काही म्हणो.

आई डोकावली. "हा म्हातारा कोण गं?"

"तोच, मघाचा."

तिने चष्मा लावून दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. तोवर कुर्त्याची बाही करपली होती.