दाराआडची पिशवी

आमच्या दाराआड एक खुंटी आहे आणि त्या खुंटीला पिशवी. आठवड्यातले तीन दिवस पिशवी असते, उरलेले दिवस नुसती खुंटी. 'साहेब आहेत का?' असं कुणी बाहेरून विचारलं की मी आधी दाराआड बघते आणि मग उत्तर देते. माणूस न्हाणीत असेल, गच्चीवर असेल, काही सांगता येत नाही. पिशवीचं तसं नाही.

हे सुवार्तिक, म्हणजे गावोगाव फिरून ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारे. पाळकांना निदान एक मंडळी असते, एक चर्च असतं, चर्चमागे पडका का होईना बंगला असतो. यांना एसटी आहे. आज शेवगाव, परवा जालना, मधे एखादी रात्र वडाळ्याला. लग्न ठरताना माझ्या आईने विचारलं होतं, 'मुलगा राहतो कुठे?' मध्यस्थ म्हणाले, 'तसं नगरलाच.' त्या 'तसं'चा अर्थ मला पुढे माळीवाड्याच्या स्टँडवर हळूहळू कळत गेला. आता पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, पण यांच्या येण्याजाण्यात त्याने फरक पडलेला नाही.

पिशवीतला ऐवज ठरलेला. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्याची पाठ मी तीनदा चिकटवली आहे. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक. दोन पांढरे सदरे, लुंगी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि टाळांची जोडी. टाळ टॉवेलात घट्ट गुंडाळावे लागतात, नाहीतर गाडी खड्ड्यात गेली की सगळ्या प्रवाशांना भजन. येताना याच पिशवीत गाव येतं. शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, शेवगा, एकदा तर पाय बांधलेली जिवंत कोंबडी, शास्त्राच्या शेजारी. ती आठ दिवस अंगणात फिरली आणि शेवटी तिला नाव पडलं, म्हणून वाचली.

आणि तिकिटं. यांना वहीत प्रवचन लिहिता येत नाही, एसटीच्या तिकिटाच्या पाठीवरच सुचतं. 'काना. रांजण ६. चाकरांना ठाऊक होतं.' काना गावच्या लग्नात येशूने रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला ती गोष्ट, एवढ्या भांडवलावर पाऊण तास. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाची शाई दोनेक महिन्यांत उडून जाते. कुठून कुठे गेले, किती पैसे पडले, सगळं कोरं होतं आणि मागचे सहा रांजण तेवढे राहतात. मी ती तिकिटं बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवते. कशाला, ते विचारू नये.

मी लिहिते. दिवाळी अंकात, नाताळ अंकात, कुणी मागितलं तर स्मरणिकेतही. दोन पुस्तकं आहेत. गल्लीत अर्थात मी 'साहेबांच्या मिसेस'. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती निराळी, आणि ती ऐकायला एखादं कोर्ट असतं तर मी केव्हाच गेले असते. एका घरात दोघेही गोष्ट सांगणारे असले तर घरातल्या प्रसंगांवर हक्क कुणाचा?

एकदा भिशीच्या बायकांसाठी मी कौतुकाने केलेल्या पुरणपोळ्या फुटल्या. साध्या फुटल्या नाहीत, तव्यावर त्यांचं पुरण वेगळं आणि पोळी वेगळी झाली. मी ते चमच्याने वाट्यांत भरलं आणि 'ही आमच्याकडची पद्धत' म्हणून वाढलं. पुढे दोघीजणींनी कृती विचारली. हा प्रसंग मी जपून ठेवला, मुरू दिला, आणि दिवाळी अंकासाठी मन लावून लिहिला. अंक आला. पहिलाच फोन राहुरीच्या एका बाईंचा : 'अहो, हे तर साहेबांनी आमच्या संजीवन सभेत सांगितलं होतं! फार हसलो आम्ही.' सभा मार्चमधली, अंक नोव्हेंबरातला. गावोगावच्या बायकांना माझा स्वयंपाक, माझा राग, माझं घोरणंसुद्धा ठाऊक आहे. सभेच्या गावी मी कधी गेले की त्या माझ्याकडे बघून आधी हसतात, मग 'जय ख्रिस्त' म्हणतात.

यांचं म्हणणं असं, की माझंही काही कमी नाही. यांना एसटीत भेटलेली माणसं माझ्या कथांतून हिंडत असतात. हे रात्री अकराला पिशवी खुंटीला लावून भाकरी खाताखाता सांगतात, मी हूं हूं करते आणि सकाळी लिहून काढते. तेही खरंच आहे. पण मी नावगाव बदलते. प्रवचनात 'माझी बायको' म्हटल्यावर ती बदलून बदलून किती बदलणार?

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नगरच्या ख्रिस्ती घरात त्या तशाही विसरू म्हटल्या विसरता येत नाहीत. रविवारी तोंडात त्यांच्या नवऱ्याचं, रेव्हरंड टिळकांचं गीत, कपाटात बाईंची 'स्मृतिचित्रे'. लग्नात त्या अकरा वर्षांच्या. नवरा कवी, मनात आलं की उठून चालू लागणारा. १८९३ मध्ये नागपूरकडून राजनांदगावला निघाले, तर गाडीत एका साहेबाने हातात बायबलातला नवा करार ठेवला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा. घरातून निघालेला माणूस किती दूर जाऊ शकतो! बाई त्या वाटेने गेल्या पाचेक वर्षांनी, आपल्या वेळेला आणि आपला आपण विचार करून. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्याला ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांनी गेलेच. मागे ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट. त्यांचे अध्याय दहा-अकरा. पुढचे ६४ बाईंनी लिहिले. नवऱ्याची अर्धवट कामं पुरी करणाऱ्या बायका घरोघर असतात. एकच बाजू रंगवलेली खिडकी, लाइटचं राहिलेलं बिल. पण चौसष्ट अध्याय, आणि तेही कधी शाळेत न गेलेल्या बाईने!

मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. आईने द्यायला घेतल्या आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' म्हणून जे पुस्तकरूपाने येऊ लागलं ते तिचंच आत्मचरित्र निघालं. मागितला होता नवरा, हाती आली बायको. टिळकांची कीर्तनं ज्यांनी कानांनी ऐकली ते श्रोते आता उरले नाहीत. पण टिळक कसे चिडत, हातातला पैसा कसा वाटून मोकळे होत, हे बाईंनी सांगितलं तसंच आपल्याला ठाऊक आहे. हा मुद्दा मी यांच्यापुढे मांडला. हे म्हणाले, 'म्हणजे माझ्या पश्चात तुझं चालणार,' आणि अजून एक भाकरी मागितली.

पैशाचं नाव निघालं म्हणून सांगते. यांच्याही हातात पैसा थांबत नाही. सभेनंतर पाकीट मिळतं, ते घरी येईपर्यंत पातळ झालेलं असतं. स्टँडवर कुणीतरी भेटलेलं असतं; कुणीतरी नेहमीच भेटतं. म्हणून मी आधीपासून थोडे थोडे बाजूला टाकते. पिठाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, जिथे हात पोचेल पण यांची दया पोचणार नाही अशा जागी.

आज गुरुवार. पहाटे थंडी चांगलीच होती आणि हे निघणार होते वडाळ्याला, रविवारपर्यंत. स्वेटर काढायला मी ट्रंक उघडली. स्वेटर तळाशी, त्याच्यावर माझा लग्नातला शालू. शालू उचलला तर घडीतून पाचशेच्या चार नोटा पडल्या. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने 'सापडल्या!' म्हणाले. हे मोजे घालता घालता आले. नोटा उजेडात धरल्या तर जुन्या, २०१६ साली बंद झालेल्या. नोव्हेंबरातल्या त्या रांगांत मी दोन दिवस उभी राहून पिठाच्या डब्यातले, अभ्र्यातले सगळे बदलून आणले होते. शालूतले माझे मलाच आठवले नव्हते. दोन हजार रुपये, यांच्यापासून राखलेले.

हे काही बोलले नाहीत. फारच काही बोलले नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी चहा गाळत होते आणि हे दाराशी पिशवीत चष्म्याचं घर कोंबत होते. 'अगं, टाळ कुठेत?' म्हणाले. मी गेले, टॉवेलात गुंडाळलेले टाळ बाजूला सारले, तर खाली कालचं तिकीट उताणं पडलेलं. शाई ओली नव्हती एवढंच. 'लूक १५. नाणं. घर झाडलं, सापडलं. पण चालेना.' बायबलात हरवलेल्या नाण्यासाठी घर झाडणारी बाई आहे, तो दाखला.

'टाळ इथेच आहेत,' मी म्हटलं. यांनी पिशवी खांद्याला लावली, स्वेटर घातला, चहा उभ्यानेच घेतला आणि सातच्या गाडीला गेले. मी खुंटीखालचा स्टूल ओढला आणि हे लिहायला बसले. उपासना रविवारी साडेनऊला सुरू होते. संपादकबाईंना मी फोन करून ठेवलाय, मजकूर शनिवारी संध्याकाळी हातात पडेल.