दोन कॉर्ड्सवर तोललेले गाणे

अमेरिकन गायिका आणि पियानोवादक अलिशिया कीजचा ‘साँग्ज इन ए मायनर’ हा पहिला अल्बम २००१ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ती २० वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत त्याच्या सुमारे २ लाख ३६ हजार प्रती खपल्या, आणि पुढच्या वर्षी तिला एकाच रात्री पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. हे यश सर्वज्ञात आहे. मला मात्र त्यातल्या पियानोविषयीच लिहायचे आहे.

‘फॉलिन’ हे गाणे पुन्हा लक्ष देऊन ऐकले. आरंभी आवाज एकटाच येतो, कसलीही साथ न घेता, जवळजवळ आलापासारखा. तो एका शब्दावर रेंगाळतो, खाली उतरतो आणि मगच पियानो सुरू होतो. त्यानंतर अखेरपर्यंत ई मायनर आणि बी मायनर या दोनच कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आलटूनपालटून येत राहतात. सहा मात्रांच्या त्या झोक्याला आपण सहज दादरा म्हणून जाऊ. इतक्या थोड्या सामग्रीवर साडेतीन मिनिटे ऐकणाऱ्याला धरून ठेवायचे, तर प्रत्येक आवर्तनात गळ्याने नवी जागा घ्यावी लागते, आणि ती तशी घेते. (शीर्षकात ए मायनर असलेल्या अल्बमचे सर्वांत गाजलेले गाणे ई मायनर या स्वरपट्टीत असावे, याची गंमत मला अजूनही वाटते.)

न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात वाढलेल्या या मुलीने लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात पियानोचे शिक्षण घेतले होते. अल्बमच्या सुरुवातीच्या तुकड्यात बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट सोनाटा’चे सूर येतात आणि पाहता पाहता त्यांच्याखाली हिप-हॉपचा ठेका सरकतो. हा सांधा किंचित दाखवेगिरीचा आहे, हे मान्य; पण आपण कुठून आलो हे सांगण्याची विशीतली घाई त्यात दिसते आणि ती मला खटकत नाही.

आधीच्या ध्वनिमुद्रण कंपनीशी तिचे जमले नव्हते. पुढे ध्वनिमुद्रण व्यवसायातले मातब्बर क्लाइव्ह डेव्हिस यांनी तिला आपल्याकडे घेतले आणि त्यांच्या नव्या जे रेकॉर्ड्स या कंपनीतर्फे हा अल्बम आला.

सगळाच अल्बम सारख्या ताकदीचा नाही. मधल्या काही गाण्यांत ठेका पुढे येतो, पियानो मागे पडतो आणि तिथे ती तेव्हाच्या इतर गायिकांसारखी वाटू लागते. अमेरिकन गायक प्रिन्सचे ‘हाउ कम यू डोन्ट कॉल मी’ मात्र तिने नेमके निवडले आहे. १९८२ च्या मूळ ध्वनिमुद्रणात पियानो आणि आवाज यांचेच राज्य होते, त्यामुळे दुसऱ्याचे गाणे गातानाही ती तिच्या वाद्यापासून दूर जात नाही.